सरकारी काम आणि दोन तास थांब!

आमच्या सोसायटीत सगळे त्यांना मामाच म्हणतात. राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सोसायटीच्या हिशेबापासून गच्चीच्या किल्लीपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. बी-विंगमधल्या एका आजोबांना फोनवरून मोठा गंडा बसला, तेव्हा सेक्रेटरींनी फलकावर लावायला सूचना लिहून द्या म्हणून त्यांनाच गळ घातली. मामांनी फुलस्केप भरून लिहिलं. त्याच रविवारी त्यांची भाची जेवायला आलेली. ती जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि अलीकडे तिच्याकडे फोनवर फसलेल्यांचीच रीघ असते. मी मेंटेनन्सची पावती घ्यायला गेलो आणि दोघांच्या मध्ये सापडलो.

मामांच्या कागदावरची पहिली ओळ अशी: ‘लोभ सुटला की माणूस फसतो. फुकटच्या पैशामागे लागू नये.’

“ही ओळ आधी खोडा,” भाची म्हणाली.

“का? खोटी आहे?”

“जुनी आहे. केबीसीत पंचवीस लाख लागले म्हणून फोन यायचे, तेव्हा चालली असती. आता माझ्याकडे येतात त्यांतल्या बहुतेकांना कुणी दमडी द्यायचं कबूल केलं नव्हतं.”

“मग कशाला भुलले?”

“भुलले कुठे? घाबरले. पोलिसांचा गणवेश बघून घाबरले. बी-विंगच्या आजोबांना कुणी बक्षीस दाखवलं होतं का?”

मामा गप्प. आजोबांचं प्रकरण साऱ्या बिल्डिंगला तोंडपाठ होतं. सुरुवात एका यांत्रिक आवाजानं: तुमचे सर्व मोबाईल क्रमांक दोन तासांत बंद होतील, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. नऊ दाबल्यावर एक अदबशीर मुलगी. तुमच्या आधारवर मुंबईत एक सिमकार्ड निघालंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, मी तुम्हाला पोलीस ठाण्याला जोडून देते. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे खाकी, मागे अशोकस्तंभाचं चित्र, वायरलेसचा खरखराट. काळ्या पैशाच्या गुन्ह्यात तुमचं खातं सापडलंय. वय बघून तुम्हाला कोठडीत न टाकता घरातच ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये ठेवतोय. कॅमेरा बंद करायचा नाही. खोलीचं दार लावून घ्या. राष्ट्रीय सुरक्षेचा मामला आहे, घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आत घ्यावं लागेल. शेवटी, तुमचे पैसे स्वच्छ आहेत का ते तपासायला रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरा, पडताळणी झाली की परत येतील.

“आणि ते भरायला आजोबा स्वतःच्या पायानं बँकेत गेले,” मामा म्हणाले. “एफडी मोडली, आरटीजीएसचा फॉर्म आपल्या हातानं भरला. ओटीपी चोरला नाही, कार्ड चोरलं नाही. याला मी काय म्हणू?”

“आज्ञाधारकपणा म्हणा. जन्मभर वेळेवर कर भरला, साहेबापुढे उभं राहून बोलले, सरकारी पत्राला उलट टपाली उत्तर दिलं. तोच गुण त्या माणसानं वापरला. उडाणटप्पू मुलगा असता तर त्यानं पहिल्या मिनिटाला शिवी घालून फोन ठेवला असता.”

“म्हणजे मी आता शिव्या द्या म्हणून लिहू?”

भाचीनं फोन काढून एका नोटिशीचा फोटो दाखवला. वर ईडीचं नाव, बाजूला लाल अक्षरांत ‘अतिगोपनीय’, खाली सही आणि जांभळा गोल शिक्का. मामांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला, पुढचं पान सरकवलं, परत मागचं पाहिलं. “दोन्ही पानांवर शिक्का एकाच कोनात आहे. आणि खालच्या अंगाला शाई फुटलीय तीसुद्धा त्याच जागी. हातानं मारलेला शिक्का दोनदा तसा उमटत नाही गं. हा चिकटवलाय.”

“तुम्हाला जेवण झाल्यावर खुर्चीत बसून दिसलं. आजोबांनी हे पाहिलं तेव्हा समोर कॅमेरा चालू होता आणि बाथरूमला जायलाही परवानगी घ्यावी लागत होती. २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून सात कोटी घेतले. लुधियानाचा एवढा मोठा उद्योगपती, पद्मभूषण. त्यांच्यापुढे फोनवर आख्खं सर्वोच्च न्यायालय मांडलं होतं, सरन्यायाधीशांच्या नावानं कुणीतरी सुनावणी घेत होतं. पोलिसांनी पुढे सव्वापाच कोटी सोडवले. ते काय लोभी होते की अडाणी?”

मामांनी पहिल्या ओळीवर रेघ मारली. पूर्ण नाही, अर्धीच. “ही ओळ मी शेअरच्या ग्रुपसाठी राखून ठेवतो. महिन्याला वीस टक्के देतो म्हणणाऱ्याला पैसे पाठवणाऱ्याबद्दल मी दुसरा शब्द वापरणार नाही. पण डिजिटल अरेस्टसाठी तू सांग काय लिहू. नुसतं ‘असा कायदा नाही’ म्हणून भागत नाही. ते तर पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं. अमिताभ बच्चनच्या आवाजातली कॉलर ट्यून महिनोन्महिने ऐकली लोकांनी.”

(ऐकली कसली, शिव्या घालत टाळली. घाईनं फोन लावणाऱ्याला सावधगिरीचा उपदेश करण्याची ही कल्पना ज्याला सुचली, त्यानं स्वतः कधी घाईत फोन लावला नसावा.)

“कायदा काय नाही ते सांगू नका, काय आहे ते सांगा,” भाची म्हणाली. “भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८. पोलिसांनी कुणाला अटक केली तर त्याच्या नातेवाइकाला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला ताबडतोब कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. खरा पोलीस घरच्यांना कळवतो आणि हा म्हणतो घरच्यांना कळू देऊ नका. सगळा फरक त्यात आला. गणवेश, शिक्का, आवाज, सगळं नकली करता येतं. पण घरातल्यांपासून लपव, हे त्यांना म्हणावंच लागतं. कारण सून चहा घेऊन खोलीत आली आणि ‘बाबा, कुणाशी बोलताय?’ एवढं विचारलं की खेळ खलास.”

मामांनी हे लिहून घेतलं. मग स्वतःच म्हणाले, “आणि ती दोन तासांची भानगड? महावितरणच्या नावानं मेसेज येतो ना, मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या अधिकाऱ्याला फोन करा.”

“वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकी असली तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. चौकशीला हजर राहा म्हणून पोलिसांची जी नोटीस असते, ती व्हॉट्सॲपवर पाठवणं चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. तुम्हीच सांगा, तुमच्या पेन्शनच्या फरकाचं काम किती दिवसांत झालं?”

“दिवसांत?” मामा हसले. “सरकारी काम आणि सहा महिने थांब!”

“मग जे सरकार दोन तासांत काम करतं, ते सरकार नव्हे. हे लिहा मोठ्या अक्षरांत.”

मला हा युक्तिवाद फार आवडला. आपल्या सरकारच्या संथपणाचा नागरिकाला असा थेट फायदा मी प्रथमच पाहत होतो.

मामांच्या कागदावरची पुढची ओळ होती, ‘अनोळखी नंबर उचलू नयेत.’ तिच्यावरून पुन्हा जुंपली. भाचीचं म्हणणं, कुरियरवाला अनोळखी, शाळेची बस बंद पडली तर ड्रायव्हर अनोळखी, अपघातात मुलाला दवाखान्यात नेणारा तर हमखास अनोळखी. फोन उचलण्यात धोका नाही, धरून ठेवण्यात आहे.

“ठीक,” मामा म्हणाले, “मग माझा बँकेतला नियम लिहितो. ज्यानं फोन केला त्याच्यावर विश्वास नाही, ज्याला आपण फोन केला त्याच्यावर. बँकेतून बोलतोय म्हणाला, तर ‘बरं’ म्हणून ठेवून द्यायचा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण लावायचा. गुगलवर शोधून नव्हे! गॅस एजन्सीचा नंबर गुगलवर शोधला आणि तो नेमका चोराचाच निघाला, असं आमच्या नात्यात झालंय.”

“हे उत्तम. आणि तो ‘ठेवू नका, लाइनवर राहा’ म्हणाला तर?”

“तर तो बँकेचा नाही. आम्हाला कुठे एवढा वेळ असायचा?”

“पण मामा, लोकांना ही सवय लावली कुणी? मला एका बँकेतून फोन आला. ‘मॅडम, पडताळणीसाठी जन्मतारीख सांगा.’ मी म्हटलं, फोन तुम्ही केलाय, पडताळणी तुमची व्हायला हवी. ती बिचारी गांगरली, तिच्यापुढच्या कागदावर याचं उत्तरच नव्हतं. एकीकडे एसएमएस पाठवायचे, कुणालाही माहिती देऊ नका. दुसरीकडे दहा आकडी मोबाईलवरून फोन करून तीच माहिती विचारायची.”

“त्यासाठीच सोळाशेचे नंबर आले ना. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं, व्यवहाराचे आणि सेवेचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरावरून आणि जाहिरातीचे १४० वरून करा.”

“आले, पण सात-आठ वर्षं उशिरा. माझं म्हणणं तेच आहे. वर्षानुवर्षं लोकांना शिकवलं, पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. तरी जुना सोफा विकायला काढणाऱ्या गृहिणीला कुणी ‘लष्करात आहे, बदली झालीय’ म्हणून पैसे मागण्याची रिक्वेस्ट पाठवायचा आणि ती पिन टाकायची. शेवटी ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्या माणसाकडे अशी रिक्वेस्ट पाठवण्याची सोयच बंद केली. तसंच ‘स्टार चारशे एक’ लावायला सांगून चोर कॉल स्वतःकडे वळवून घ्यायचे, ती सोय एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. दार बंद केल्यावर चोरी थांबते. चोरांपासून सावध राहा अशी पाटी लावून थांबत नाही.”

“मग मी पाटी लिहू नको?”

“लिहा. पण पाटी लिहिली म्हणजे झालं, असं बँकांनी समजू नये.”

‘बँकांनी’ हा शब्द मामांना लागला. ते सरसावून बसले. सगळं खापर बँकेवर फोडायची फॅशन झालीय, म्हणाले. निवृत्त होण्याआधी त्यांच्या शाखेत एक वयस्कर खातेदार मोठी ठेव मोडायला आले. मामांनी काळजीनं विचारलं, एवढी रक्कम कशासाठी? खातेदार भडकले, पैसा माझा, तुम्ही कोण विचारणार? वरपर्यंत तक्रार गेली आणि मामांना लेखी खुलासा द्यावा लागला. “त्या माणसाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही. आता हे चोर लोकांना पढवूनच पाठवतात, बँकेत विचारलं तर सांगा, मुलीचं लग्न आहे, फ्लॅट घेतोय. काउंटरवरच्या पोरानं काय करायचं?”

भाची जरा थांबली. हा मुद्दा तिला खोडता आला नाही आणि तिनं तसा प्रयत्नही केला नाही. सिंगापूरनं २०२५ मध्ये कायदाच केलाय, म्हणाली, माणूस फसतोय आणि ऐकत नाही असं दिसलं तर पोलीस त्याच्याच खात्यावरचे व्यवहार काही काळ थांबवायला बँकेला सांगू शकतात.

“आपल्याकडे कर बघ असं. पहिला मोर्चा तुझ्याच बारचा निघेल!”

“निघेल. मीही असेन त्यात, बहुतेक.”

मग गाडी भरपाईवर आली. मामांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तोंडपाठ सांगितलं. ग्राहकाची चूक नसेल आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर त्याचं नुकसान शून्य. पासवर्ड, ओटीपी त्यानंच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. “न्याय्य आहे. यापुढे जाऊन प्रत्येकाला भरपाई दिली, तर लोक पिन दरवाजावर लिहून ठेवतील.”

“ब्रिटननं दिली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवणुकीनं पाठवायला लावलेल्या रकमेची ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई. निम्मी पाठवणाऱ्या बँकेनं, निम्मी ज्या बँकेत पैसे पोचले तिनं.”

“ज्या बँकेत पोचले तिनंही?” मामांनी मान वर केली. हा तपशील त्यांनी मनात कुठेतरी ठेवून दिला, असं मला वाटलं.

“पण ते सोडा. तुमच्या त्या लोभाच्या ओळीवर मी एवढी का अडले, ते सांगते,” भाची म्हणाली. “पैसे गेल्यावर पहिल्या तास-दोन तासांत १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन झाला, तर काहीतरी हाती लागतं. पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. तिथून पाच खात्यांत, त्या पाचांतून वीस खात्यांत, मग एटीएम, चेक नाहीतर क्रिप्टो. १९३० वर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक दिला की पुढच्या बँकांकडे निरोप जातो आणि जिथे रक्कम शिल्लक सापडेल तिथे ती गोठते. मग मी न्यायालयात अर्ज करते, आदेश मिळतो, पैसे परत येतात. सगळे नाही, पण येतात. आणि लोक तो पहिला तास कशात घालवतात, माहितीये? मुलाला कसं सांगू, या विचारात. आजोबांनी किती दिवसांनी सांगितलं?”

“चौथ्या दिवशी,” मी म्हणालो. संपूर्ण संभाषणात माझी कामगिरी एवढीच.

“का? कारण खाली फलकावर लिहिलेलं असतं की लोभी माणूस फसतो. पेपरात बातमी येते, ‘उच्चशिक्षितालाही भुरळ’. नातेवाईक म्हणतात, तुम्ही शिकलेले असून? त्या चोराला चार दिवस आपणच काढून दिले. शरमेचे.”

मामांनी अर्धवट राहिलेली रेघ पूर्ण केली. शेअरच्या ग्रुपचं काय, ते त्यांनी परत काढलं नाही. कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर सगळ्यात वर १९३० लिहिलं, त्याखाली ‘आधी फोन करा, मग रडा’. भाचीला हसू आलं, पण ओळ तिनं राहू दिली.

मला वाटलं संपलं. पण मामा आतल्या आत धुमसत होते. “तू म्हणालीस पाच खाती, वीस खाती. ती कुणाची?”

“भाड्याची. पोलीस म्यूल अकाउंट म्हणतात.”

“ती उघडली कुणी? आम्ही. पॅन घेतो, आधार घेतो, फोटो घेतो. चालू खात्याला दुकानाची पाटी लागते, तर गाळ्यावर फ्लेक्स टांगतात, फोटो काढतात, संध्याकाळी फ्लेक्स खाली. आणि मग चारशे रुपये शिल्लक असलेल्या खात्यात एका सकाळी अठरा लाख येतात, दुपारपर्यंत निघून जातात, आणि कुणाला काही खटकत नाही! माझ्या वेळी अशी लेजरची पानं मी नुसती चाळून ओळखली असती. ठेव मोडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारायची चोरी, पण हे तर बँकेच्या घरातलं आहे. इथे विचारायला कुणाची परवानगी हवी? ब्रिटनची ती निम्मी भरपाई आणा इकडे. पाठवणाऱ्या बँकेनं नको, ज्या बँकेत खातं आहे तिनं पूर्ण भरावी.”

दीड तास बँकांची बाजू लढवणारा माणूस भाचीच्याही पुढे गेला होता. तिनं सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२५ मध्ये डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे सोपवला, तेव्हा अशी खाती उघडण्यात बँक कर्मचाऱ्यांचा हात असेल तर तोही तपासायला सांगितलं. निमित्त होतं अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याचं पत्र. त्यांना न्यायालयाचेच खोटे आदेश दाखवले होते.

“आणि खातेदार? खातं भाड्यानं देणारा?” मामांनी विचारलं.

आता भाची मवाळ झाली. तिचा एक पक्षकार आहे, एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. मित्राच्या मित्रानं आठ हजार दिले, यानं एटीएम कार्ड, चेकबुक आणि नवं घेतलेलं सिम देऊन टाकलं. सहा महिन्यांनी परराज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी आली. आई धुणीभांडी करते. फसवणुकीचे फोन करणारेही काही सगळे राजीखुशीनं करत नाहीत, म्हणाली. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून थायलंडला बोलावतात आणि म्यानमारमधल्या म्यावाडीच्या कुंपणात नेऊन कोंडतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून भारतानं ५४९ जण सोडवून आणले.

“कुंपणातल्या पोरांचं मी समजू शकतो,” मामा म्हणाले. “त्यांच्या डोक्यावर कुणी उभा होता. तुझ्या पक्षकाराच्या डोक्यावर कोण होतं?”

“गरिबी होती. तो एकोणीस वर्षांचा आहे, मामा.”

“आणि आजोबा शहात्तरचे. त्यांच्या डोक्यावर नकली पोलीस होता, तर तू मला लोभ हा शब्द वापरू दिला नाहीस. बरोबर केलंस. पण या पोराला आठ हजार कशाचे मिळाले, एवढं त्याला कळत नव्हतं?”

“कळलं असेल. विचारायचं नसेल.”

“मग माझी ओळ चुकीची नव्हती, चुकीच्या माणसासाठी लिहिली होती.”

यावर तिचं उत्तर तयार होतं, पण तिनं ते दिलं नाही. कदाचित कोर्टासाठी राखून ठेवलं असेल. मामांनी कोऱ्या बाजूच्या तळाला नवी ओळ घातली: ‘कॉलेजच्या मुलांनी आपलं खातं, कार्ड वा सिम कुणालाही वापरायला देऊ नये.’ मग पेन तसंच धरून विचारलं, “कलम सांग.”

“घाबरवणार का पोरांना?”

“यांना कुणीतरी घाबरवायला हवं होतं.”

“भारतीय न्याय संहिता, ३१८, पोटकलम ४. सात वर्षांपर्यंत.”

मामांनी ७ लिहिला आणि बँकेच्या जुन्या सवयीनं पुढे अक्षरीही लिहिलं.